सम्याला, रॉ फाइलींच्या पसाऱ्याबद्दल

गिरगाव

प्रिय सम्या,

तुझी व्हॉइस नोट ऐकली. पाडव्याच्या शोभायात्रेत तू बटणावरचं बोट उचललंच नाहीस वाटतं, लॅपटॉप भरणारच ना रे. आणि वर ती तक्रार, की रॉ फोटो लाइटरूम या फोटो एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडला की पहिला क्षणभर झकास दिसतो आणि मग डोळ्यांदेखत फिका पडतो, कॅमेरा बिघडलाय का. काही बिघडलेलं नाही. हे फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तू मध्येच "हो हो कळलं" म्हणतोस आणि कळलेलं काही नसतं, म्हणून सरळ लिहितोय.

फिक्याचं आधी सांगतो, ते सोपं आहे. तुझ्या सीआर३, म्हणजे कॅननच्या रॉ फाइलीत सेन्सरचा कच्चा डेटा असतो आणि सोबत कॅमेऱ्याने स्वतः बनवलेली एक जेपेग पण असते, कॅमेऱ्याच्या मागच्या स्क्रीनवर तू बघतोस ती हीच, कॅननच्या रंगात नटवलेली. लाइटरूम आधी पटकन ती दाखवतं, मग कच्च्या डेटातून स्वतःच्या हिशोबाने चित्र तयार करतं, आणि ते अॅडोबीच्या रंगात असतं. तुला कॅननचेच रंग हवे असतील तर डेव्हलपमध्ये प्रोफाइल बदलून कॅमेरा स्टँडर्ड कर, बरंचसं जुळेल. आणि तू विचारलंस की मग जेपेगच काढले तर काय बिघडलं, तर त्या भगव्या फेट्यांचे फोटो बघ. भर उन्हात जेपेगमध्ये अख्खा फेटा एक सपाट केशरी डाग होतो, चुण्या गायब. रॉमध्ये हायलाइट्स, म्हणजे उजळ भाग, खाली ओढ, चुण्या एकेक करून परत येतात, कारण जेपेगमध्ये एका रंगाच्या २५६ पायऱ्या आणि १४ बिटच्या रॉमध्ये १६,३८४. अर्थात सेन्सरवरच जळून गेलं असेल तर रॉ पण काही करू शकत नाही, ते आपलं नशीब.

आता मुद्द्याचं, आणि हे नीट वाच. तू रॉ फाइलीवर कितीही स्लायडर फिरवलेस तरी त्या फाइलीला लाइटरूम हात लावत नाही. क्रॉप, रंग, काळं-पांढरं, सगळं दुसरीकडे, लाइटरूमच्या कॅटलॉगमध्ये, लिहून ठेवलं जातं. कॅटलॉग ही दुकानदाराची वही आणि माल गोदामात, एवढं लक्षात ठेव. वहीत लिहिलंय अमुक फोटो अमुक फोल्डरमध्ये, त्यावर हे हे काम केलंय. तू काय करतोस, जागा नाही म्हणून लाइटरूम बंद करून अख्खा फोल्डर उचलतोस आणि बाहेरच्या ड्राइव्हवर टाकतोस. मग फोल्डरवर प्रश्नचिन्ह आणि फोटोवर उद्गारचिन्ह येतं आणि तू मला रात्री साडेअकराला फोन करतोस. फोटो गेलेले नसतात रे, वहीला नवा पत्ता माहीत नसतो. त्या फोल्डरवर राइट क्लिक करून फाइंड मिसिंग फोल्डर दे, नवी जागा दाखव, काम परत जागेवर. आणि यापुढे हलवायचं असेल तर लाइटरूमच्या आतूनच ओढून हलव.

आणखी एक, आणि यात भलेभले फसतात. बाहेर पडताना लाइटरूम आठवड्यातून एकदा विचारतं ना, बॅकअप घेऊ का, आणि तू बॅकअप दाबून निर्धास्त झोपतोस? तो फक्त वहीचा बॅकअप असतो. त्यात एकही फोटो नसतो. आणि तू जागा बदलली नसशील तर तो मूळ कॅटलॉगच्या शेजारीच त्याच डिस्कवर जाऊन बसतो, म्हणजे डिस्क गेली की दोन्ही गेलं, कसला बॅकअप तो.

म्हणून सेटिंगमध्ये जाऊन बदल आपोआप एक्सएमपी फाइलीत लिहायची टिक लाव, ती मुळात बंद असते. मग प्रत्येक रॉच्या शेजारी त्याच नावाची काही केबीची छोटी फाइल तयार होते आणि तुझं एडिटिंग, स्टार, कीवर्ड तिच्यात पण राहतात, कॅटलॉग फुटला तरी हे वाचतं. मात्र कलेक्शन (तू केलेले फोटोंचे गट) आणि व्हर्च्युअल कॉपी (एकाच फोटोच्या वेगळ्या एडिटच्या नोंदी) तिच्यात जात नाहीत, त्या वहीतच, म्हणून वहीचा बॅकअप पण हवाच. आणि फाइलींना नवी नावं द्यायची हुक्की आली तर तीही लाइटरूममधूनच, नाहीतर रॉचं नाव एक आणि एक्सएमपीचं दुसरं, जोडी तुटली. कोणीतरी तुला सगळं डीएनजी या दुसऱ्या रॉ फॉरमॅटमध्ये बदलायला सांगितलंय ना? मला विचारशील तर नको. फॉरमॅट चांगलाय, अॅडोबीने २००४ मध्ये आणला, उघडा आहे, पण त्यात बदल फाइलीच्या आतच लिहिले जातात, म्हणजे एक स्टार दिला तरी बॅकअपला अख्खी फाइल परत कॉपी करावी लागते. मला छोट्या एक्सएमपी परवडतात.

फोल्डरचं फार डोकं लावू नकोस. तारीख उलटी, आधी साल, मग महिना, मग दिवस, पुढे जागा. २०२५-०३-३०-गिरगाव-पाडवा, इंग्रजी अक्षरात. आपोआप क्रमाने लागतात. "नवीन फोटो फायनल २" असले फोल्डर मला परत दाखवू नकोस.

आणि फेकायला शिक रे. त्या ढोलवाल्या मुलीचे तू बर्स्टमध्ये, बटण दाबून धरून धडाधड, काढलेत ते सगळे सारखेच आहेत, एक सोडून, ज्यात टिपरू वर थांबलंय आणि डोळे मिटलेत. तो ठेव, बाकीचे उडव. इंपोर्ट करताना प्रीव्ह्यू एम्बेडेड अँड साइडकार ठेव, म्हणजे ती आतली जेपेगच दिसते आणि निवड भराभर होते, तुझा म्हातारा लॅपटॉप पण धापा टाकत नाही. एडिटिंग निवडीनंतर. तू उलटं करतोस, पहिल्याच फोटोवर अर्धा तास.

आता ड्राइव्ह. पीटर क्रोग नावाच्या फोटोग्राफरने रूढ केलेला ३-२-१ नियम आहे, तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या जागी, एक घराबाहेर. घराबाहेरची तुला कटकट वाटेल, पण तू कलिन्यात तळमजल्यावर राहतोस. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पडला तेव्हा तुमच्याच गल्लीत लोकांनी लग्नाचे अल्बम वाळत घातलेले, काकूंना विचार. एक ड्राइव्ह तुझ्या ताईकडे ठाण्याला ठेव, महिन्याला जातोसच, तेव्हा बदली कर. दोन ड्राइव्ह एकाच सॅकमध्ये घालून लोकलने नेऊ नकोस म्हणजे झालं.

ड्राइव्ह एकटा घेऊ नकोस, तुला कोणीही काहीही गळ्यात मारतं. शनिवारी अकराला ग्रँट रोड स्टेशनला पूर्वेला भेट, लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात जाऊ, तिथून माझ्याकडे जेवायला, आई तुझी चौकशी करतेय. लॅपटॉप आणि चार्जर दोन्ही आण. आणि पाडव्याचं कार्ड तोवर फॉरमॅट करू नकोस, दोन जागी कॉपी होऊन मी स्वतः उघडून बघेपर्यंत तरी नाही.

तुझा,
निल्या