कान लावायला शिकवलंत, काका

तीर्थस्वरूप पाडेली काकांस,
साष्टांग नमस्कार.

परसातल्या विहिरीकडच्या माडाला परवा नवी पोय, म्हणजे फुलोरा, आली. पहिल्यांदा तुम्हालाच कळवावंसं वाटलं. पत्र मुद्दाम उघड लिहिते आहे. दारात माड असलेल्या प्रत्येकाला हे कळायला हवं.

दिवाळीनंतर तुम्ही नारळ पाडायला आलात, तेव्हा त्या माडाच्या खोडातून तांबूस चिकट पाणी ओघळत होतं. आम्ही ते पाहूनही सोडून दिलं होतं. तुम्ही दोर खाली ठेवलात, खोडाला कान लावलात आणि मला हाक मारलीत, "कान लाव गो हंयसर. आयकाक येता?"

आलं, काका. आत कुणीतरी ओला ऊस चघळत असावं, तसा आवाज.

तो आवाज खोड पोखरणाऱ्या सोंड्या भुंग्याच्या अळ्यांचा. हा भुंगा जखमेच्या वासावर येतो, तिथेच अंडी घालतो, एकेक मादी दोनशेच्या आसपास, हे तुम्ही सांगितलंत. खिळ्यांकडे तुम्ही फक्त बोट दाखवलंत. कपड्यांच्या दोरीसाठी ते आम्हीच ठोकले होते. सासूबाईंनी हाताने लावलेला बाणवली माड तो. त्या रात्री मला झोप लागली नाही.

आधी सगळे नारळ उतरवून मगच तुम्ही औषधाला हात लावलात. खालची भोकं मातीने लिंपलीत, वरच्या भोकात नरसाळं धरून कृषी सहाय्यकांनी दिलेलं औषध ओतलंत, तेही बुजवलंत. खिळ्यांच्या जखमांना डांबर फासलंत.

कोपऱ्यातला माड मात्र वाचला नाही. त्याचा शेंडाच कलला होता. तो तोडून तसाच पडू द्यावा असं आमच्या घरात चाललं होतं, पण तुम्ही खोड फोडून जाळायलाच लावलंत. फोडल्यावर ताडीसारखा आंबट वास आला. आत काथ्याचे बोटभर कोश होते, कुणी हाताने वळावेत तसे. त्यातला एक तुम्ही उकललात आणि माझ्या तळहातावर तांबडा, काळ्या ठिपक्यांचा, वाकड्या सोंडेचा भुंगा ठेवलात. हे न जाळता राहिले असते तर उरलेल्या चारही माडांवर गेले असते.

शेणखताच्या खड्ड्यातल्या पांढऱ्या अळ्याही तुम्हीच दाखवल्यात. त्या गेंड्या भुंग्याच्या. तो शेंडा पोखरतो आणि सोंड्याला वाट करून देतो. आता खड्डा उपसतो, झावळ्यांच्या बेचक्यांत वाळू आणि निंबोळी पेंड घालतो. भुंग्यांना वासाने ओढणारा कामगंध सापळा तुम्ही म्हणालात तसा माडांपासून लांब टांगला आहे. काल त्याच्या बादलीत दोन भुंगे सापडले.

रोज सकाळी मी चारही माडांना कान लावते. गडग्याजवळच्या माडात काहीतरी वाजतं, पण तो वारा की अळी, मला अजून उमगत नाही. या आठवड्यात एकदा येऊन ऐकाल का?

तुमची,
विहिरीकडच्या घरातली सून