तुझ्या येसराच्या जाहिरातीबद्दल

लातूर

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

येसराच्या, म्हणजे आपल्या आमटीच्या भाजक्या पिठाच्या, जाहिरातीचा कच्चा कट तीनदा पाहिला. आधी आवाज बंद करून, मग डोळे मिटून नुसता ऐकून, आणि शेवटी सरळ. तूही हीच सवय लाव. आवाज बंद असला की कोण उभं आहे, कोण बसलंय, कुणाचे हात राबतायत ते दिसतं. डोळे मिटले की कोण कुणाला सांगतंय ते कळतं.

तुझ्या तीस सेकंदांत सून एकवीस सेकंद पडद्यावर आहे आणि तिला शब्द तीन: “आवडली का, बाबा?” सासऱ्याला नऊ शब्द. बाकीचे अडतीस त्या भारदस्त पुरुषी आवाजाला, ज्याचा चेहराही दिसत नाही. येसर कसं भाजलं, त्यात काय आहे, पाकीट केवढ्याला, हे सगळं तोच सांगतो. म्हणजे राबणारी ती आणि जाणता तो. इथंच गोम आहे.

बाई स्वयंपाकघरात दाखवलीस म्हणून मी काही म्हणत नाही. सरकारच्या 2024 च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांचा दिवसाला सरासरी 289 मिनिटं वेळ त्यात गेलेला दिसतो, करणाऱ्या पुरुषांचा 88. ते लपवून काय होणार? जाहिरातींवर देखरेख ठेवणाऱ्या अ‍ॅस्कीच्या 2022 च्या मार्गदर्शक सूचनाही घर झाडणारी बाई दाखवू नका असं म्हणत नाहीत. ते काम तिचंच आणि कायम तिचंच, असं सुचवू नका एवढंच म्हणतात. उलट बाजूही त्यात आहे: पुरुष आहे म्हणून त्याला बाळाचं लंगोट बदलता येत नाही, बाई आहे म्हणून तिला गाडी लावता येत नाही, असले विनोद नकोत. तेव्हा क्लायंट म्हणाला की “नवऱ्याला कढईपाशी उभं करू, सगळं करपवू दे, मजा येईल”, तर नको म्हण. त्यानं बाईचं काही भलं होत नाही. स्वयंपाक शेवटी तिलाच जमतो, हेच ठसतं.

ऐंशीच्या दशकातली सर्फची ललिताजी आठवून बघ, नेटवर सापडेल. पदर खोचलेली, भाजीवाल्याशी घासाघीस करणारी, म्हणजे साचा जुनाच. पण त्यात पुरुषाचा आवाज फक्त विचारतो आणि उत्तर ती देते, तेही हिशोबाचं: अर्धा किलो सर्फ म्हणजे एक किलो स्वस्त पावडर. बाजारात स्वस्त पावडरीनं धुमाकूळ घातला होता आणि महाग माल विकायचा होता. गोड हसून तो विकला गेला नसता. नंतरच्या कितीतरी जाहिरातींत हे उलटं झालं. पांढरा कोट घातलेला माणूस सांगतो, बाई डोळे मोठे करून ऐकते.

आता तुझ्या स्क्रिप्टला हात घालू. “वा सूनबाई!” काढ. ते कुठल्याही मसाल्याला, चहाला, तेलालाही चालेल. येसराचंच असं काय आहे? येसर सरळ उकळत्या पाण्यात टाकलं की गुठळ्या होतात, कारण भाजलेल्या धान्याचं पीठ बाहेरून लगेच शिजतं आणि आत कोरडं राहतं. आधी गार पाण्यात कालवून मग उकळीत सोडावं लागतं. धान्य कमी भाजलं असेल तर आमटीला कच्चट वास येतो. हे ज्याला-त्याला माहीत नसतं, आणि तेच वाक्य तिला दे: “आधी गार पाण्यात कालव, मग उकळीत सोड. गुठळी होणार नाही.” कुणाला सांगते? जागा बदल. लग्नाचा मांडव, मोठं पातेलं, आचारी पळी घेऊन थांबलाय आणि ती वास घेऊन सांगतेय. आपल्याकडं येसराची आमटी लग्नकार्यात होतेच, ओढूनताणून काही आणलं असं वाटणार नाही.

वाक्य कुठं बसवतोस तेही बघ. केबलवाल्याला तीस सेकंदांचे पैसे देणं परवडलं नाही की क्लायंट दहाचा कट मागेल. मग पाकिटाचा शॉट आणि पुरुषी आवाज राहतो, बाईचं बोलणं पहिल्यांदा उडतं. म्हणून गुठळीचं वाक्य शेवटच्या दहा सेकंदांत, पाकिटाला चिकटून ठेव. तीस सेकंदांत पन्नास-पंचावन्न शब्दांवर जाऊ नकोस, नाहीतर तिला धाप लागल्यागत बोलावं लागेल.

आणि ती जेवत का नाही? सहा जणांना वाढते, एक घास तिच्या तोंडात नाही. खाण्याच्या जाहिरातींत हे इतकं सरावाचं झालंय की डोळ्याला खुपतही नाही. घासाचा एक शॉट घे. त्यासाठी आठ-दहा भाकरी हाताशी लागतील, कारण गार झालेली भाकरी मोडताना कडक तुकडा पडतो, वाफ दिसत नाही, आणि रीटेक तर होणारच. आमटीवरचा तांबडा तवंगही थोड्या वेळात बसतो. गरम तेलात तिखट घालून ते ऐन शॉटच्या आधी वरून सोड.

रंगाचं थोडं सविस्तर लिहिते, कारण कटमधली मोठी चूक तिथं आहे. तिच्या चेहऱ्याला दोन शेड उजळ बेस लावलाय आणि पीठ कालवणारे हात मूळ रंगाचे. क्लोजअप जोडला की ते दुसऱ्याच बाईचे हात वाटतात. बेस गालावर नाही, जबड्याखाली मानेपाशी लावून जुळव. व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांचा समतोल, ग्रे कार्डवर, म्हणजे करड्या पुठ्ठ्यावर, घे आणि एक्स्पोजर तिच्या चेहऱ्यावर ठरव, मागच्या पांढऱ्या भिंतीवर नाही. भिंतीवर ठरवलंस तर सावळा चेहरा काळवंडतो आणि एडिटर तो उजळत बसतो. व्हेक्टरस्कोपवर, म्हणजे एडिटिंगमधल्या रंग मोजणाऱ्या आलेखावर, बघ: गोरी काय, सावळी काय, कातडी जवळपास एकाच रेषेवर पडते, फरक उजेडाचा असतो. त्यामुळं रंगछटा ओढायची गरजच नाही. 2014 पासून अ‍ॅस्कीचे नियम गोरेपणाच्या जाहिरातींना ‘आधीचा’ चेहरा उदास दाखवू देत नाहीत, आणि फेअर अँड लव्हलीनं 2020 मध्ये नावातला ‘फेअर’ काढला. तू येसर विकताना उलटा कशाला जातोस?

भाषेचं म्हणशील तर, डबिंगवाल्यानं सुनेला शुद्ध पुणेरी दिलंय आणि भांडी घासणारीला “काय करायलाव” दिलंय. टीव्हीवर आपली बोली कामवालीला नाहीतर हसायला. येसर इथलं, तर ते जाणणारीही इथलंच बोलू दे. मात्र आवाज मराठवाड्यातल्याच बाईचा घे; नक्कल लगेच कळते.

क्लायंट कुरकुरला तर त्याला नियम सांग. केबल टेलिव्हिजन नेटवर्क नियम, 1994 मधल्या सातव्या नियमात जाहिरातीची संहिता आहे. बाईची हीन प्रतिमा नको, आणि तिचे दबून राहण्याचे गुण ठसवून तिला घरात-समाजात दुय्यम भूमिकेकडं ढकलू नका, असं तिथं स्पष्ट लिहिलंय. ती संहिता गावच्या केबललाही लागू आहे. पण नियमापेक्षा त्याला गिऱ्हाईक पटेल. त्याचं पाकीट उचलणारी बाई दर उन्हाळ्यात कांडपावर स्वतः भाजून आणलेला मसाला कुटून घेते. तिला तो पुरुषी आवाज धने कसे भाजायचे ते सांगणार?

दुसरा कट रविवारपर्यंत पाठव. दहा सेकंदांचाही सोबत दे, आधी तोच बघते.

तुझी आई