एडिसनला बनलेल्या मस्टँगबद्दल

नोव्हाय, मिशिगन

प्रिय मन्या,

सप्रेम नमस्कार. तू पाठवलेली जाहिरात वाचली, फोटोही मोठे करकरून पाहिले. 1966 ची लाल फोर्ड मस्टँग, हार्डटॉप (पक्क्या छताची), "ओरिजिनल 289 व्ही-8, नंबर्स मॅचिंग", म्हणजे 289 क्युबिक इंचांचं आठ सिलिंडरचं इंजिन, तेही याच गाडीचं मूळ. विकणारा पेनसिल्व्हेनियातल्या अ‍ॅलनटाऊनचा. तुझा जीव अडकलाय हे कळतंय. पण बयाणा देऊ नकोस अजून.

आधी तो व्हिन, म्हणजे गाडीचा ओळख नंबर, नीट वाच. सतरा अक्षरी नंबर 1981 पासून आले, त्यामुळे नेहमीचे हिस्टरी रिपोर्ट या गाडीबद्दल चकार शब्द काढणार नाहीत. फोर्डचा त्या काळचा नंबर अकरा अक्षरांचा, आणि तुझ्या गाडीचा सुरू होतो 6T07T असा. 6 म्हणजे 1966. पहिला T म्हणजे मटचन कारखाना. नाव मटचनचं असलं तरी कारखाना होता न्यू जर्सीत तुमच्या एडिसनमध्येच, रूट 1 वर. 2004 मध्ये बंद पडला. म्हणजे गाडी तुझी गाववालीच. 07 म्हणजे हार्डटॉप (कन्व्हर्टिबलला 08, फास्टबॅकला 09). आणि दुसरा T इंजिनाचा. गोम तिथेच आहे. T म्हणजे 200 क्युबिक इंचांचं, सहा सिलिंडरचं, 120 हॉर्सपॉवरचं इंजिन. कारखान्यातून 289 घालून निघालेल्या गाडीत त्या जागी C, A किंवा K असतो.

"नंबर्स मॅचिंग" हे तर शुद्ध बोलबच्चन. 1966 मध्ये K वाली सोडली तर मस्टँगच्या इंजिनावर गाडीचा नंबर ठोकतच नसत. मग मॅच करणार कशाशी? मार्टी रिपोर्टही (फोर्डच्या नोंदींवरून गाडी कशी बनली ते सांगणारा) मागू नकोस, तो 1967 पासूनच्या गाड्यांचा मिळतो. दारावरची पत्र्याची पाटी पुरावा म्हणून धरू नकोस, तशा नव्या पाट्या सर्रास बनवून मिळतात. खरा नंबर बॉनेट उघडल्यावर ड्रायव्हरच्या बाजूच्या आतल्या एप्रनवर (मडगार्डाच्या आतल्या पत्र्यावर) ठोकलेला असतो. तो टायटलवरच्या (मालकीच्या कागदावरच्या) नंबराशी एकेक अक्षर लावून बघ, आणि त्याच्या आजूबाजूला पत्रा कापून जोडल्याच्या खुणा नाहीत ना, तेही.

सहाची आठ सिलिंडर केली म्हणजे गाडी वाईट असं नाही. पण काम अर्धवट केलेलं असतं, आणि ते जिवावर बेतू शकतं. चाकाचे नट मोज. सहा सिलिंडरला चार असतात, व्ही-8 ला पाच. चारच दिसले तर जड इंजिनाखाली अजून 9 इंची ड्रमचे ब्रेक आणि नाजूक 7.25 इंची मागचा अ‍ॅक्सल आहे, सरळ परत फिर. पाच असले तर पुढचे ड्रम 10 इंची, अ‍ॅक्सल 8 इंची, पुढच्या स्प्रिंगा, स्टिअरिंगचे दांडे आणि रेडिएटर, हे सगळं बदललंय का ते विचार. बिलं असतील तर माग. इंजिन 289 च आहे की नंतरचं 302, हे बाहेरून ओळखू येत नाही. ब्लॉकवर स्टार्टरजवळ कास्टिंग नंबर असतो. तो C8 ने सुरू झाला तर ब्लॉक 1968 चा किंवा नंतरचा. शेजारी तारखेचा छोटा कोड असतो, उदाहरणार्थ 5K12 म्हणजे 12 ऑक्टोबर 1965 (महिन्यांच्या अक्षरांत I गाळतात, म्हणून ऑक्टोबर J नाही, K).

इंजिनावर मात्र फार वेळ घालवू नकोस. ते दोन दिवसांत उतरतं. मस्टँग घ्यायची ती पत्रा बघून, आणि तो सडायला लागतो समोरच्या काचेखालून. वायपरपाशी जी फटींची जाळी आहे तिच्याखाली काउल म्हणून दोन थरांची बंद पेटी असते. आत हवेच्या भोकाभोवती उभी कड असते, पाणी आत जाऊ नये म्हणून. जाळीतून पडलेला पाचोळा त्या कडेला चिकटून वर्षानुवर्षं ओला राहतो, कड गंजते, आणि पावसाचं पाणी डॅशबोर्डखालून कार्पेटवर ठिबकायला लागतं. मग फरशी वरून सडते. खालून नवा काळा रंग मारलेला असला की कुणाला पत्ता लागत नाही.

तपासायला एक तांब्या पाणी पुरे. पुढच्या कार्पेटच्या कडा उचल, कोरडा कागद अंथर, आणि जाळीवर आधी डावीकडे, मग उजवीकडे हळूहळू पाणी ओत. पुढच्या चाकांच्या मागे जमिनीवर आलं तर ठीक. कागद भिजला तर काउल गेलं. दुरुस्तीला काच आणि दोन्ही मडगार्डं काढावी लागतात, मग एकेक स्पॉट वेल्ड ड्रिलने सोडवत वरचा थर उचलायचा. पत्रा फार महाग नाही, मजुरी आठवडाभराची. भोकात प्लॅस्टिकची टोपी चिकटवलेली दिसली तर समजायचं की मालकाला ठाऊक होतं. पाणी ओतू देत नसेल तर गाडी घेऊ नकोस, एवढं साधं आहे.

बाकीच्या जागा पटापट: बॅटरीखालचा एप्रन (अ‍ॅसिडने खातो), पुढच्या चेसी रेलचं (गाडीखालच्या लोखंडी तुळईचं) फरशीखालचं टोक, डिकीत चटईखाली. डिकीची फरशी म्हणजे पेट्रोलच्या टाकीचाच वरचा पत्रा आहे, दचकू नकोस. शॉक टॉवरवर (पुढचा शॉक अ‍ॅब्सॉर्बर बसतो त्या पत्र्याच्या मनोऱ्यावर), चाक धरणारा वरचा दांडा, कंट्रोल आर्म, बसतो तिथे, टॉर्चने भेगा शोध. व्ही-8 च्या वजनाने त्या पडतात. मागच्या चाकामागे लोहचुंबक कापडात गुंडाळून फिरव. जिथे तो पकडत नाही तिथे पुट्टी भरलीय.

इंजिन थंड असताना सुरू करायला सांग, पोचल्यावर आधी बॉनेटला हात लावून बघ. सुरू करताना निळा धूर येऊन थांबला तर व्हॉल्व्ह सील, स्वस्तातलं काम. येतच राहिला तर खर्च मोठा. कॉम्प्रेशन चाचणीत (सिलिंडरमधला दाब मोजतात ती) सगळ्यात कमी दाबाचा सिलिंडर सगळ्यात जास्तीच्या किमान पाऊणपट हवा. ब्रेकचा मास्टर सिलिंडर एकाच खणाचा असेल, दोन खणांचा 1967 ला आला. एक नळी फुटली की चारही चाकांचे ब्रेक जातात, म्हणून घेतल्यावर पहिलं काम दोन खणांचा बसवणं.

कागद. पेनसिल्व्हेनियात टायटलवरची विकणाऱ्याची सही नोटरीसमोर व्हावी लागते, तेव्हा भेट तिथेच ठरव आणि पैसे तिथेच दे. टायटलवर त्याचंच नाव हवं. आधीच्या मालकाने सही करून सोडलेला कागद घेऊ नकोस. उद्या न्यूयॉर्कची गाडी बघितलीस तर 1972 पर्यंतच्या मॉडेलांना तिथे टायटलच नसतं, नोंदणीच्या कागदावर हस्तांतर होतं, त्याला घाबरायचं कारण नाही. न्यू जर्सीत 6.625 टक्के सेल्स टॅक्स धरून चल. विमा ठरलेल्या किमतीचाच (गाडीची किंमत आधीच पॉलिसीत लिहिलेला) घे. नेहमीच्या पॉलिसीत घसारा लावून चिल्लर हातात ठेवतील.

आणि हीच गाडी कशाला? त्या वर्षी सहा लाखांवर मस्टँगी बनल्या, दुष्काळ नाहीये. तुझ्यापासून तीनेक तासांवर पेनसिल्व्हेनियात कार्लाइलला जूनच्या सुमारास फोर्डचा मेळा भरतो, तिथे विकाऊ गाड्या ओळीने लावलेल्या असतात आणि हवं तितकं वाकून खाली बघता येतं. ऑक्टोबरात हर्शीला जुन्या गाड्यांचा मेळा. हेमिंग्ज (जुन्या गाड्यांच्या जाहिरातींचं मासिक) चाळत राहा. लिलावाच्या साइटवर बोली लावण्याआधी खरेदीदाराची फी वाच. माझं मत विचारशील तर मूळ इंजिनाची, कोरड्या हवेच्या राज्यातली सहा सिलिंडरची हार्डटॉप घे. पार्कवेवर रविवारी फिरायला 120 हॉर्सपॉवर पुष्कळ झाली.

तरी या लाल बयेवरच मन असेल तर विकणाऱ्याकडून तीन फोटो मागव: एप्रनवरचा नंबर, चाकाचे नट, आणि कार्पेट उचलून पुढची फरशी, दोन्ही बाजूंची. आले की मला पाठव, त्यानंतरच अ‍ॅलनटाऊनला जायचं ठरवू.

वहिनींना नमस्कार सांग.

तुझा,
श्री