इस्रायलमधल्या अश्दोदहून वंदनाला

प्रिय वंदना,

तुझा व्हॉइस मेसेज ऐकला. मॉन्टेसरीत मूल स्वतः काम निवडतं आणि धर्मात तर सगळं आधीच ठरलेलं, मग तुमच्या ज्यू बालवाडीत दोन्ही जमतं कसं असं विचारलंस ना, फोनवर घाईत सांगितलं असतं तर अर्धंच राहिलं असतं म्हणून लिहितेय.

आमचं हात धुणंच घे. पाव खायच्या आधी दोन कानांच्या भांड्याने आधी उजव्या मग डाव्या हातावर पाणी ओतायचं, हात कुठे कोरडा राहता कामा नये हा धर्माचा नियमच आहे. म्हणजे मॉन्टेसरीतलं ओतण्याचं काम आयतंच मिळालं बघ! आधी ट्रेमध्ये धान्य ओतायचं, मग पाणी, आणि मग खरं भांडं. चार वर्षांचं पोर हात उलटसुलट करून बघतं, अंगठ्यामागे कोरडं दिसलं की आपणहून परत ओततं, मला बोलावंच लागत नाही.

एका मुलाचे बाबा मात्र म्हणाले, मित्झवा म्हणजे आज्ञा, त्यात कसली चॉइस? त्यांचं खरंच आहे गं. शब्बाथ, म्हणजे आमचा शनिवारचा विश्रांतीचा दिवस, पाळायचा की नाही यावर आम्ही मुलांचं मत घेत नाही. पण ‘हल्ला’ म्हणजे शब्बाथच्या पावाची वेणी कोण घालणार, टेबल कोण मांडणार, आज खरखरीत कागदाच्या हिब्रू अक्षरांवरून उजवीकडून डावीकडे बोट फिरवायचं की दुसरं काही करायचं, हे त्यांचं त्यांनी ठरवायचं.

आणि मुळात मुलाच्या कलाने शिकवणं हे आम्ही बाहेरून आणलेलं नाहीच. मॉन्टेसरीबाईंची पहिली शाळा 1907 ची, रोममधली. पण पेसाख सणाच्या सेदरला, म्हणजे त्या रात्रीच्या विधीच्या जेवणाला, वाइनचा दुसरा प्याला भरला की मुलाने प्रश्न विचारायचा आणि बापाने त्याच्या समजेप्रमाणे शिकवायचं, हे मिश्नात, म्हणजे आमच्या जुन्या धर्मनियमांच्या ग्रंथात, त्याच्या कितीतरी शतकं आधीचं आहे. रात्री मध्येच भाजी मिठाच्या पाण्यात बुडवतात तेसुद्धा मुलांनी ‘हे काय’ म्हणून विचारावं म्हणून! आपल्या बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यू, लोकांसाठी 1846 मध्येच मुंबईत हग्गादा, म्हणजे सेदरला वाचायची पोथी, मराठी अर्थासकट छापली गेली, कारण घरात सगळ्यांना कळायला हवं होतं. तरी पुष्कळ घरांत सेदरला मुलांनी विचारायचे ठरलेले चार प्रश्न पोपटासारखे म्हणवून घेतात आणि पोराने पाचवा, स्वतःचा प्रश्न विचारला की गप्प बस म्हणतात, याचा मला फार राग येतो. पाठांतराला माझा विरोध नाही, मुलांना सुरात म्हणायला आवडतंच, पण त्या पाचव्या प्रश्नासाठी थांबायलाच हवं.

यंदा पेसाखच्या आधी आम्ही मुलांनी विचारलेले प्रश्न त्यांच्याच शब्दांत लिहून घरी पाठवणार आहोत, आईबाबांनी सेदरला त्यांची उत्तरं द्यायची. तुझ्या बालवाडीत सणावाराला तू काय करतेस ते सविस्तर कळव.

तुझी,
रिव्का