आठ टक्क्यांचा फरक, पण किती जणांत?

महोदय,

जनमत सर्वेक्षणांच्या बातम्यांना 'पुरुषांपेक्षा महिलांचा पाठिंबा जास्त' असे मथळे येतात. प्रत्येक गटात किती जणांना विचारले, हे मात्र बातमीत नसते. समजा, २०० महिलांपैकी ५४ टक्के आणि २०० पुरुषांपैकी ४६ टक्के 'हो' म्हणाले. दोन्ही गट मिळून प्रमाण ५० टक्के. त्यावरून फरकाची प्रमाण त्रुटी (नमुन्याच्या योगायोगाने फरक साधारण किती हलू शकतो, याचे माप) निघते ५ टक्के. आठ भागिले पाच, म्हणजे १.६. पाच टक्के सार्थकता पातळीला (म्हणजे खरा फरक नसताना तो आहे असे म्हणण्याची जोखीम पाच टक्के ठेवली, तर) या भागाकाराला १.९६ ओलांडावे लागते. तेव्हा हा फरक निव्वळ नमुन्याच्या योगायोगाचाही असू शकतो. गटागटात ८०० जण असते, तर हेच उत्तर ३.२ आले असते! (त्याच माणसांना दोनदा विचारले असेल, तर ही चाचणी चालतच नाही, तिथे मॅकनेमारची, म्हणजे एकाच माणसाच्या दोन उत्तरांची जोडी तपासणारी चाचणी लागते.) निदान गटनिहाय संख्या तरी छापा.

— एक वाचक