दादा, आधी सिस्टीम विचारलीत त्याबद्दल

आदरणीय दादा,
सप्रेम नमस्कार.

मी औसा तालुक्यातली गणिताची शिक्षिका. लातूरच्या तुमच्या दुकानात ग्राफिक्स कार्ड, म्हणजे संगणकातलं चित्र-व्हिडिओचं काम सांभाळणारं कार्ड, घ्यायला आले होते. बजेट किती, हे तुम्ही विचारलंच नाही. "ताई, मशीनवर सिस्टीम कोणतीय? आन् त्याच्यावर काय करायलाव?" हे विचारलंत. उबुंटू ही लिनक्सची मोफत सिस्टीम आहे, दहावीच्या भूमितीचे धडे ओबीएस या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरवर रेकॉर्ड करते आणि चित्र अडखळतं, असं मी सांगितलं. त्यानंतर तुम्ही जे समजावलंत, त्यासाठी हे जाहीर पत्र.

काउंटरवर एनव्हिडिया कंपनीचं जीटी 730 कार्ड समोरच होतं, स्वस्तही होतं. ते विकून तुम्ही मोकळे झाला असता. पण याच नावाखाली दोन वेगळ्या पिढ्यांच्या चिप आल्यात, हे तुम्ही दाखवलंत. जुनी फर्मी चिप असेल तर एनव्हिडियाचा ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, 390 मालिकेवर थांबतो, नंतरची केप्लर असेल तर 470 वर. उबुंटूचा कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभा, पुढे सरकत राहतो आणि हे जुने ड्रायव्हर मागे पडतात. नूव्हो या मुक्त ड्रायव्हरवर पडदा दिसेल, पण रेकॉर्डिंगचा भार कार्ड उचलणार नाही. विंडोजवाल्या गिऱ्हाइकाला हा हिशोब वेगळा लागतो, हेही तुम्ही सांगितलंत.

मग मी एएमडी या दुसऱ्या कंपनीचं नवं आरएक्स 6400 दाखवा म्हणाले. एएमडीचा ड्रायव्हर कर्नलमध्येच असतो, एवढं मला माहीत होतं. तुम्ही तेही बाजूला ठेवलंत. त्यात व्हिडिओ एन्कोडर, म्हणजे रेकॉर्डिंगचा व्हिडिओ तयार करणारा भागच नाही! कार्ड नवं, सिस्टीमशी जुळणारं, तरी माझ्या कामाला निरुपयोगी. एवढं बारीक कोण बघतं?

शेवटी वापरलेलं आरएक्स 550 दिलंत, वेगळी पॉवर केबल न लागणारं. शाळेच्या डेस्कटॉपच्या छोट्या एसएमपीएसला, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्याला, जादा केबलच नाही आणि कार्ड बसतं त्या स्लॉटमधून 75 वॅटच मिळतात. या कार्डाला साधारण 50 वॅट पुरतात. दुकानातल्याच उबुंटूच्या मशीनवर ते लावून कार्डाला कोणता ड्रायव्हर लागलाय ते सांगणारी 'एलएसपीसीआय -के' ही आज्ञा चालवलीत, समोर एएमडीच्या ड्रायव्हरचं 'एएमडीजीपीयू' हे नाव उमटलेलं दाखवलंत, आणि मगच पैसे घेतलेत. ओबीएसमध्ये एन्कोडर म्हणून व्हीए-एपीआय, म्हणजे कार्डाकडूनच काम करून घेणारा पर्याय, निवडायचा, हे कागदावर लिहूनही दिलंत.

आता वर्तुळाचा अख्खा धडा सलग रेकॉर्ड होतो. कंपासची रेघ तुटत नाही, आवाज मागे राहत नाही. वाड्यावस्त्यांवरची पोरं घरी तो पुन्हा पुन्हा लावून बघतात, आणि शाळेत येऊन शंका विचारतात. या शंका मला फार मोलाच्या वाटतात.

दादा, महागडं कार्ड माझ्या गळ्यात मारणं तुम्हाला सहज जमलं असतं. तुम्ही तासभर उभं राहून शिकवलंत. मनापासून आभार.

आमच्या विज्ञानाच्या सरांनाही कार्ड घ्यायचंय. त्यांचं मशीन विंडोज 11 चं आहे. मशीनचं मॉडेल आणि एसएमपीएसवरचे वॅट लिहून घेऊनच त्यांना तुमच्याकडे पाठवतेय.

आपली कृतज्ञ,
औसा तालुक्यातील एक शिक्षिका