फरशीखालची ऊब आणि गावची वीज

महोदय,

इलेक्ट्रिक बॉयलरने पाणी कोमट करून ते फरशीखालच्या नळ्यांतून फिरवायचे आणि घर उबदार ठेवायचे, ही पद्धत आमच्या साकोली तालुक्यातील एका नव्या घरापर्यंत येऊन पोहोचली आहे. त्या घराची वायरिंग मी केली, म्हणून हे पत्र.

पद्धतीत खोट नाही. तिला ३५ ते ४० अंशांचे पाणी पुरते, आणि काश्मिरी हमामात दगडी फरशीखाली लाकूड जाळून हेच पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. अडचण आहे ती आमच्याकडच्या विजेची. बॉयलर ६ किलोवॉटचा, म्हणजे २३० व्होल्टला सुमारे २६ अँपिअर ओढणारा. डिसेंबरातल्या एका संध्याकाळी मीटर लावून पाहिले, तर व्होल्टेज १८०. व्होल्टेज उतरले की हीटरची शक्ती त्याच्या वर्गाच्या प्रमाणात घटते, त्यामुळे ६ किलोवॉटचा बॉयलर जेमतेम पावणेचारचा उरला. रात्री दहापर्यंत फरशी गारच होती. पहाटे पाहतो तो घरचे मांजर नेमके नळीच्या वरच्या पट्ट्यावर ताणून झोपलेले. म्हणजे ऊब आली, पण ऊन पडायला तासभर उरला तेव्हा.

"बिल फारसे येणार नाही," असे विक्रेत्याने सांगितले होते. हा बॉयलर पूर्ण शक्तीने रोज सहा तास चालला, तर ३६ युनिट जळतात आणि घरगुती दर जिथे चढतो तो १०० युनिटांचा टप्पा तिसऱ्याच दिवशी मागे पडतो. शिवाय वरचा स्लॅब उघडा. ऊब तिथून निघून जाते ती वेगळीच.

ज्यांनी नळ्या टाकल्याच आहेत, त्यांनी आधी स्लॅबवर उष्णतारोधक थर द्यावा, तो मे महिन्यातल्या ४५ अंशांतही उपयोगी पडेल. आपल्याकडे हिवाळ्यात आकाश बहुधा निरभ्र असते, त्यामुळे एवढे कोमट पाणी गच्चीवरचा सोलर हीटर सहज देतो. बॉयलर ढगाळ दिवसापुरता ठेवावा. आणि घराला मंजूर असलेला वीजभार व डीपीपासूनचे (म्हणजे ट्रान्सफॉर्मरपासूनचे) अंतर पाहिल्याशिवाय विक्रेत्यांनी असे यंत्र कोणाच्या गळ्यात मारू नये, एवढी विनंती आहे. त्या घरमालकाने तूर्त दोन खोल्यांचे व्हॉल्व्ह बंद करून आजी झोपते तेवढीच खोली सुरू ठेवली आहे.

आपला,
एक वायरमन, साकोली तालुका, जि. भंडारा